उणे बारा तास

४ मार्च

आदरणीय आत्या,

हे पत्र घरचे समजू नये. कॉलेजच्या गणित गृहपाठ यंत्रणेच्या नूतनीकरणाचा प्रमुख या नात्याने लिहीत आहे. ईमेल पाठवणार होतो, पण निवृत्तीनंतर तुमचे खाते नियमानुसार बंद झाल्याचे कळले. म्हणून टपाल.

तुम्ही गणित विभागात टंकलेखिका असताना उभी केलेली ऑनलाइन यंत्रणा ३१ मे रोजी कायमची बंद होईल. जुलैच्या सत्रापासून नवी सुरू होईल. जुनी एकोणीस वर्षे चालली, हे मान्य. पण आज तिची अवस्था अशी आहे की एका बटणाला हात लावला की दुसरेच काहीतरी बंद पडते. कोणती फाईल कशासाठी, याची एका ओळीचीही नोंद नाही. विचारले की सगळे म्हणतात, "बाईंना ठाऊक." अशाने कारभार चालत नाही.

प्रश्नही शिळे झाले आहेत. आजची मुले अजून कॅसेटची फीत मोजत आहेत आणि तारेतले शब्द गुणत आहेत. समितीने सगळा मजकूर ताजा करायचे ठरवले आहे.

तुमच्याकडे या कामाच्या हस्तलिखित वह्या आहेत असे कार्यालयातले जुने लोक सांगतात. त्या कॉलेजच्या मालकीच्या आहेत. आठ दिवसांत जमा कराव्यात.

आपला,
प्रमुख, नूतनीकरण विभाग


११ मार्च

प्रमुखसाहेबांना,

नमस्कार कुणी कुणाला करायचा हे तुमच्या समितीत ठरलं की कळवा. तोवर कोरडंच लिहिते.

आठ वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं म्हणून चष्मा पुसून, पंख्याखाली खुर्ची ओढून वाचायला बसले. अक्षर कुठलं, छापीलच होतं. खाली सही तेवढी शाईची. लहानपणी शेंबूड माझ्या बाहीला पुसताना मी 'तू' होते, आता वह्या हव्या झाल्यावर 'तुम्ही' झाले. छान. मीही 'तुम्ही'च म्हणते. वयानं लहान असलात तरी पदानं मोठे आहात.

खातं नियमानुसार बंद झालं म्हणता. कुठल्या नियमानं, ते मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी पाच वाजता मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी खातं बंद. संगणकावर कापडही घालून झालं नव्हतं माझं. घड्याळसुद्धा पुढे धावतं.

आता वह्यांचं. मी मॅट्रिकच्या पुढे शाळा पाहिली नाही. प्राध्यापकांच्या प्रश्नपत्रिका टंकता टंकता गणित शिकले, आणि त्याच प्रश्नपत्रिका दर वर्षी पुन्हा टंकायचा कंटाळा आला म्हणून संगणक शिकले. हे सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालं, ऑफिस सुटल्यावर. टेबलही कॉलेजचं आहे म्हणाल तर एक पाय मोडका आहे, सांभाळून न्या.

एक विचारते. मी मुलांना दिलेल्या सूचना ठेवणार आहात की नाही? प्रत्येक मुलाला वेगळे आकडे आणि प्रत्येक चुकीला वेगळी सूचना, हा त्या यंत्रणेचा जीव. बरोबर उत्तर एकच असतं, त्याला काय शाबासकी द्यायची! चुका सतरा तऱ्हेच्या असतात, आणि प्रत्येक चुकीमागे पोराचं काहीतरी डोकं चाललेलं असतं. ते डोकं ओळखून मी एकेक ओळ लिहिली आहे. चार हजारांच्या वर. मुलं त्या यंत्रणेला 'मावशी' म्हणायची. "मावशीनं पकडलं रे!" असं जिन्यात ओरडायची. नोंद नाही म्हणता, हीच नोंद.

वह्या मिळणार नाहीत.

बाई


२२ मार्च

आदरणीय आत्या,

सूचना राहणार नाहीत.

नवी यंत्रणा उत्तर बरोबर की चूक एवढेच सांगेल आणि चूक असल्यास धड्याची चित्रफीत दाखवेल. प्रयत्न तीन. तुमच्या वेळी मुले हजार वेळा उत्तर टाकत बसायची, ते बंद. गृहपाठाचे गुण आता अंतिम निकालात धरले जातील, त्यामुळे शिस्त हवी. तुमच्या सूचनांच्या भाषेबद्दल तक्रारीही आहेत. "मधलं पद घरी विसरलास का? दोन पाहुणे जेवले म्हणून घरधन्याला उपाशी ठेवू नये." ही बीजगणिताची भाषा आहे का? आणि ही : "घाई कुणाची होती, तुझी की बसची?" विद्यार्थ्यांना मावशी नको आहे. त्यांना उत्तर हवे आहे.

वह्यांवाचून आमचे अडत नाही. प्रश्नांच्या फाइली उतरवून घेतल्या. 'चाळण' नावाची एक फाईल सापडली. दोनशे चौदा ओळी, कोणत्याही प्रश्नात तिचा उल्लेख नाही, नऊ वर्षांत कुणी उघडलेलीही नाही. अडगळ म्हणून ती सोडून दिली. मजकूर ताजा करण्याचे कामही उरकत आले आहे. टाकी आणि नळाचे जुने प्रश्न घ्या. आता टाकीऐवजी मोबाईलची बॅटरी आहे. नळाऐवजी चार्जर, आणि गळक्या तोटीऐवजी मोबाईलवरचा खेळ. गणित तेच, आकडे यंत्र निवडेल.

आता थोडे घरचे लिहितो, एकदाच. तुम्ही चुकांबद्दल इतक्या मायेने लिहिता, म्हणून आठवले. मी नऊ वर्षांचा होतो. थोरल्या काकांच्या घरी सगळे जमले होते. तुम्ही माझी गणिताची वही घेऊन मधोमध उभ्या राहिलात आणि माझ्या वजाबाक्या एकेक करून मोठ्याने वाचल्यात. तीस माणसे हसली. 'ठोंब्या' हे नाव त्या दिवशी पडले, आणि ते तुम्हीच ठेवलेत. माझ्या लग्नातही मला त्याच नावाने हाक मारली गेली. त्यानंतर मी गणितच शिकलो, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. माझ्या चुका चवीने वाचणाऱ्या बाईने चुकांमागचे डोके ओळखायच्या गोष्टी मला सांगू नयेत.

प्रमुख, नूतनीकरण विभाग


२९ मार्च

प्रमुखसाहेब,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

वहीचं मला आठवतं. त्यावर आज काही लिहीत नाही. इतकी वर्षं पोटात ठेवून आज कार्यालयाच्या कागदावर ओकलात, तर त्याचं उत्तरही मला सवडीनं देऊ द्या.

एकोणीस वर्षं राबून जमवलेलं तुम्ही एका दुपारी सुपातला कोंडा पाखडल्यासारखं फेकून दिलंत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे खूप पाहिले, तुम्ही त्यांच्यातले पहिल्या नंबरचे.

आणि चाळण सोडून दिलीत म्हणता. चाळण कशासाठी असते हे समितीतल्या एकानं तरी घरी जाऊन स्वयंपाकघरात विचारायचं होतं. पण तुम्ही मोठी माणसं, आयतं पीठ आणणारी. खडा दाताखाली आला की कळेल.

यापुढे मला कागद पाठवू नका. मी बाहेरची.

बाई


१७ जुलै

आदरणीय आत्या,

कागद पाठवू नका म्हणाला होतात, तरी एवढे कळवावेसे वाटले.

नवी यंत्रणा १ जुलैला सुरू झाली. पहिले दोन आठवडे उजळणीचे धडे होते, एकदाही बंद पडली नाही. तीनशे बारा विद्यार्थी एका वेळी बसले. प्राचार्यांनी सभेत उभे राहून अभिनंदन केले. तुमचा चाळणीचा टोमणा मी समितीतही वाचून दाखवला, लोक हसले. आमच्या दाताखाली अजून काही आलेले नाही.

तुम्ही म्हणायचात, मुले अडली की कुणाला विचारणार? त्याचीही सोय आहे. तक्रारीचा रकाना आहे. तक्रारीला नाव नसते, नुसता क्रमांक असतो, म्हणजे वशिला नको आणि आकसही नको. उत्तरे मी स्वतः देतो, चोवीस तासांच्या आत.

धाकटी यंदा याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिनेही गणितच घेतले. घरी विचारले की म्हणते, "सोपं आहे, बाबा." ठोंब्याची मुलगी आहे, तरी.

प्रमुख


६ ऑगस्ट, गुरुवार

शहाण्या,

'साहेब' आणि 'तुम्ही' आज बाजूला ठेवते. वेळ नाही.

धाकटी आज दुपारी माझ्याकडे आली होती. बसनं एकटीच आली, दारात उभी राहून म्हणाली, "आत्याआजी, तू मला ओळखणार नाहीस." नाक अगदी तुझं आहे, ओळखणार कशी नाही! पाणी दिलं, ते न पिताच पिशवी उघडून बसली. गणित सोडायचा अर्ज भरून पिशवीत ठेवलाय. शेवटची तारीख उद्या. म्हणते, "माझं डोकंच नाहीये गणिताचं. घरात बाबांना सांगायची हिंमत नाही."

तिनं एक कागद छापून आणला होता, सोबत जोडलाय. नीट वाच. "रिकामी बॅटरी चार्जरने सहा तासांत भरते. भरलेली बॅटरी खेळ खेळल्यास चार तासांत संपते. रिकाम्या बॅटरीला चार्जर लावून खेळही चालू ठेवला, तर ती किती तासांत भरेल?"

अरे, भरेल कशी? भरतंय त्यापेक्षा सांडतंय जास्त! पोरीनं पहिल्यांदा लिहिलं, 'कधीच नाही'. यंत्र म्हणालं, उत्तर अंकात लिहा, एक प्रयत्न गेला. मग तिनं शून्य लिहिलं. चूक. मग रडकुंडीला येऊन बारा लिहिलं. चूक. आणि खाली तुझ्या यंत्रानं बरोबर उत्तर छापलंय : उणे बारा तास. म्हणजे चार्जर लावायच्या आधी बारा तास बॅटरी भरलेली होती की काय? ती मला म्हणाली, "माझा फोन रोज असाच मरतो, आत्याआजी. तरी मला वाटलं, मलाच काहीतरी कळत नाहीये."

असे सहा प्रश्न निघाले तिच्या कागदांत. एकात बाप मुलीपेक्षा लहान आहे.

आता ऐक. मला हे मार्चपासून माहीत होतं. चाळण त्यासाठीच होती. यंत्र आकडे आंधळ्यासारखे उचलतं. दर सोमवारी सकाळी, कॉलेज उघडायच्या आत, चाळण सगळ्या मुलांचे आकडे एकदा निवडून घ्यायची, खडे बाजूला काढायची, आणि चांगले तेवढे प्रश्नांत भरायची. प्रश्नांत तिचा उल्लेख नसणारच. पोटात गेलेल्या घासात चाळणीचा उल्लेख असतो का? तू सोडून दिलीस हे वाचलं त्याच मिनिटाला मला कळलं काय होणार. आणि मी टोमणा मारला. सांगितल्यासारखं दिसावं पण तुला कळू नये, असा घासून पुसून मारला. चार मसुदे केले होते त्याचे. तुझी फजिती व्हावी असं वाटत होतं. तिथे मुलं बसणार आहेत, हे त्या घटकेला डोळ्यांपुढे आलंच नाही. तुझी मुलगी तर नाहीच नाही.

मी तिला म्हटलं, "पोरी, प्रश्न चुकलाय, तू नाही." तर म्हणते, "यंत्र म्हणतं चूक, तक्रारीचं उत्तर म्हणतं चूक. तू एकटीच म्हणतेस बरोबर." मला हे आधीच ठाऊक होतं, एवढं मात्र तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

कागदाच्या मागे तिची तक्रार आहे, क्रमांक ४७, आणि तिला आलेलं उत्तर. तू पोटच्या पोरीलाही सोडलं नाहीस. नियम म्हणजे नियम, नाही का! माझ्यावरचा राग तिच्यावर काढलास.

तुझ्या ऑफिसला फोन केला. बाई म्हणाल्या, साहेब बैठकीत आहेत, ईमेल करा. ईमेल! घरचा नंबर तू आठ वर्षांपूर्वी बदललास, मला दिला नाहीस. धाकटीकडे मागितला, तर हात जोडून म्हणाली, "बाबांना नको." म्हणून हे कुरियरनं पाठवतेय. उद्या पाचच्या आत मिळालं तर तिला थांबव.

आत्या


९ ऑगस्ट

आत्या,

तुझं पाकीट शनिवारी सकाळी मिळालं. अर्ज शुक्रवारी चार वाजता गेला होता.

सगळ्यात आधी तुझं. तू जे केलंस त्याला शब्द नाही. तीनशे बारा मुलांचे गुण तीन आठवडे चुकत गेले, आणि तू घरी बसून खडा कुणाच्या दाताखाली येतो याची वाट पाहत होतीस. पाचातला एक प्रश्न खोटा निघाला. काल दिवसभर मी आणि माझे दोघे सहकारी एकेक उत्तरपत्रिका उघडत होतो. एका मुलानं नळीची लांबी उणे तीन मीटर काढून, प्रामाणिकपणे, खाली लिहिलंय, 'मला समजले नाही'. उद्या समितीपुढे मी उभा राहीन. तुझं नाव घेणार नाही. उपकार म्हणून नाही. तुझं नाव घेतलं तर मी एका निवृत्त बाईच्या टोमण्यावर कारभार करत होतो असं होईल, आणि तेवढी लाज मला आहे.

आता क्रमांक ४७.

तू लिहिलंस, मी पोटच्या पोरीला सोडलं नाही. आत्या, मला माहीत नव्हतं. तक्रारीला नाव नसतं, ते मीच ठरवलं होतं, मोठ्या ऐटीत. त्या दिवशी मी एकतीस तक्रारींना उत्तरं दिली. तिनं लिहिलं होतं : "सर, ही बॅटरी भरणारच नाही असं मला वाटतं. मी खूप वेळ विचार केला." आणि मी लिहिलं : "प्रश्न तपासलेला आहे. आपल्या मूलभूत संकल्पना पक्क्या कराव्यात." खाली माझं पद. मी प्रश्न उघडून पाहिलासुद्धा नव्हता. तेच वाक्य मी त्या दिवशी एकतीस जणांना चिकटवलं होतं.

मला माहीत नव्हतं, पण तिला माहीत होतं. उत्तर कुणाचं आहे हे वाचून, मग ती माझ्याबरोबर टेबलावर बसून जेवली, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सोपं आहे, बाबा."

काल रात्री तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. तिनं दार उघडलं, म्हणाली, "आत्याआजीनं सांगितलं ना?" मी म्हटलं, प्रश्न चुकला होता. म्हणाली, "मला माहितेय. पण आता उशीर झाला." आणि दार लावून घेतलं. जोरात नाही लावलं. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

सत्र अजून चालू आहे. मला ती दोनशे चौदा ओळींची चाळण हवी आहे. जुनं यंत्र मेमध्ये पुसलं. विनंती करत नाही. द्यावीच लागेल.

मी


१३ ऑगस्ट

शहाण्या,

खोक्यात अकरा वह्या आहेत. हिरव्या पुठ्ठ्याची आहे तीत चाळण, सगळ्या दोनशे चौदा ओळी, प्रत्येकीपुढे का ते लिहिलंय. भरण्याच्या प्रश्नांची ओळ पान एकोणतीसवर आहे : "भरणारा जोराचा, सांडणारा हळू. नाहीतर आकडे परत उचल." तुझ्या सहकाऱ्यांना सांग, माझं सात आणि एक सारखं दिसतं. बाकीच्या वह्यांत सूचना आहेत. त्या वापर किंवा रद्दीत घाल, अट घालत नाही. अट घालायचं तोंड मला उरलेलं नाही.

पण सगळ्यात खालची, लाल वही, ती आधी उघड. पहिल्या पानावर तुझं अक्षर आहे. तुझ्या वहीचं पान मी फाडून ठेवलं होतं आणि तिथे चिकटवलं. बावन्न वजा अडतीस बरोबर सव्वीस. त्र्याहत्तर वजा एकोणपन्नास बरोबर छत्तीस. अशा नऊ वजाबाक्या, नऊही चूक. लोक हसले ते चुकांना. मी वाचल्या होत्या त्या वेगळ्या कारणानं. नऊच्या नऊ एकाच पद्धतीनं चुकल्या होत्या. मी तुला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अरे, दोनातून आठ जात नाहीत म्हणून तू आठातून दोन का घालवलेस?" तू म्हणालास, "आत्या, लहानातून मोठं कसं जाईल? मोठ्यातूनच लहान जातं." मी थक्क झाले होते. पोरगं वेडं नाही, त्यानं स्वतःचा एक नियम केलाय आणि तो नऊ वेळा पाळलाय! तेच सगळ्यांना सांगायला मी वही घेऊन उभी राहिले. पण पहिली वजाबाकी वाचली आणि माणसं हसली. तोवर माझ्या बोलण्यावर कुणी हसलेलं नव्हतं, टंकलेखिका बाईकडे कोण बघतंय! ते हसू मला गोड लागलं. मग पुढच्या आठ मी हसवायसाठीच वाचल्या, आणि नावही ठेवलं. तुझा नियम सांगायचा राहूनच गेला. तू खांबाला टेकून उभा होतास ते मी पाहिलं होतं. पाहूनही वाचत राहिले.

म्हणून पुढे सूचना लिहीत गेले. चार हजार सूचनांत जे सांगितलं ते तुला सांगायचं होतं. पण तुझ्या घराची पायरी चढले नाही. आधी लाजेनं, मग तू मोठा झालास म्हणून रागानं. माफ कर असं लिहायला बसले होते, पण पस्तीस वर्षांनी ते वाक्य फार हलकं वाटतं. न लिहिता पाठवते.

लहानातून मोठं जात नाही, हे नऊ वर्षांच्या तुला कळत होतं. तुझ्या मुलीलाही कळलं. मधल्या मधे तुझ्या यंत्राला तेवढं कळेना.

आणि अजून एक, तुझ्यावरचा माझा राग गेला असं समजू नकोस. एकतीस मुलांना एकच वाक्य चिकटवणारा माणूस माझ्या लेखी अजून ठोंब्याच आहे. या वेळी नाव खरं आहे.

धाकटीला सांग, गुरुवारी मी घरी असते.

आत्या


३० ऑगस्ट

आत्या,

चाळण २० तारखेपासून चालू आहे. तुझ्या सातामुळे दोन दिवस फुकट गेले, म्हणून उशीर. सगळ्यांचे ते तीन आठवड्यांचे गुण रद्द केले. समितीत मी जे सांगायचं ते सांगितलं. प्रमुखपद सत्र संपेपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. एकतीस जणांना वेगवेगळी उत्तरं लिहिली, हातानं, प्रश्न उघडून. एकतीसपैकी सव्वीस बरोबर होते.

गणित सोडलेल्यांसाठी अर्ज पुन्हा उघडला. धाकटीला म्हटलं, परत ये. म्हणाली, "या सत्रात नाही. आणि तुम्ही सांगताय म्हणून तर नाहीच." दर गुरुवारी ती कुठे जाते ते मला माहीत आहे, हे तिला माहीत आहे. यापलीकडे आमच्यात बोलणं नाही.

लाल वहीचं पहिलं पान पाहिलं. पोचलं एवढं समज. तुला माफ केलं का, हे मलाच ठाऊक नाही. तू खांब लक्षात ठेवला होतास. मला वाटायचं तो फक्त मलाच आठवतो.

सूचना परत घालायला समितीनं मान्यता दिली आहे, पण भाषा तपासून. 'घरधनी उपाशी' वाली राहिली, एका सदस्याला आवडली. 'बस' वाली गेली.

बॅटरीचा तो प्रश्न मी चाळणीतून मुद्दाम बाहेर ठेवला आहे. सगळ्यांना तेच आकडे, सहा आणि चार. आता उत्तराच्या रकान्यात शब्द चालतात. 'कधीच नाही' असं जो लिहील त्याला बरोबर, आणि त्याला दिसेल अशी एक सूचना मी लिहिली आहे. मला सवय नाही. कच्ची हातानं लिहिलीय, तपासून पाठव.

"अभिनंदन. आपण दिलेल्या माहितीचे तार्किक विश्लेषण योग्य रीतीने केले आहे. ही बॅटरी भरणार नाही. यंत्र काहीही म्हणो, तुझं डोकं चाललं असेल तर त्याचं ऐक. तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही."

मी


४ सप्टेंबर
(पोस्टकार्ड)

शहाण्या,

सूचना लांबली आहे. पहिली दोन वाक्यं काढ, ती समितीची आहेत. 'ही बॅटरी भरणार नाही' इथून सुरू कर. 'यंत्र काहीही म्हणो' चांगलं आहे, ते माझ्या वहीत उतरवून घेतलं.

शेवटची दोन वाक्यं इतर मुलांना कळणार नाहीत. तरी राहू देत. काल धाकटीला तुझा कागद वाचायला दिला. वाचून म्हणाली, "हे बाबांनी लिहिलंय?" मी म्हटलं, "अक्षर बघ की." मग कागद घडी घालून स्वतःच्या वहीत ठेवला, माझ्याकडे परत दिला नाही. म्हणून तुझा मसुदा माझ्याकडे नाही. दुसरा पाठव.

दहापैकी सहा.

आत्या